फोर्ट ते बीकेसी : साचा खात्याची वाट

सोमवारी मुलगी नव्या नोकरीवर हजर होणार होती. आदल्या दिवशी, रविवारी, सकाळची वंदना आटोपली, चहा झाला आणि ती म्हणाली, "पप्पा, आई, चला. माझं ऑफिस बाहेरून तरी बघून या." तिचे ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, ज्याला सगळे बीकेसी म्हणतात. चेंबूरहून ते फार लांब नाही. पण मी म्हटले, "येतो. मात्र आधी फोर्टला जाऊ. तुझ्या धंद्याचं मूळ गाव तिकडे आहे. ते बघू आणि मग नव्या गावाला जाऊ."

रविवार म्हणजे हार्बर लाइनचा मेगाब्लॉक. तो सुरू व्हायच्या आत निघायचे ठरले. हिने चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरली आणि आम्ही तिघे निघालो.

वाचक बंधू-भगिनींनो, नोकरी लागली ती इन्व्हेस्टमेंट बँकेत. वस्तीत बातमी फुटली तेव्हा शेजारच्या मावशी पेढा खाताना म्हणाल्या, "बँकेत लागली म्हणजे बरं झालं, आता लोनचं काम सोपं होईल." मुलीची आईसुद्धा तिला विचारत होती, "तू काउंटरला बसणार की आत?" हसण्यासारखे काही नाही. ३४ वर्षे बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून मी याच फोर्टमध्ये हजारो बँकवाल्यांची तिकिटे फाडली, पण ही बँक वेगळी असते हे मला घरच्या पोरीने सांगेपर्यंत माहीत नव्हते. आपल्या समाजातल्या बहुतेक घरांत हीच परिस्थिती असेल, म्हणून हे लिहीत आहे.

बिनकाउंटरची बँक

गाडीत बसायला जागा मिळाली. मुलीने आईला समजावले ते असे.

"आई, समज एका कंपनीला नवा कारखाना काढायचाय. पाचशे कोटी रुपये पाहिजेत. एक तर कर्ज काढायचं, त्याचं व्याज भरत बसायचं. नाही तर कंपनीतले वाटे लोकांना विकायचे. त्या वाट्याला शेअर म्हणतात. पण शेअरची किंमत किती ठेवायची? दहा रुपये की हजार? विकत कोण घेणार? लोकांना कंपनीबद्दल काय काय सांगायचं? कायद्याप्रमाणे कागद कोण बनवणार? हे सगळं जो करतो, तो इन्व्हेस्टमेंट बँकर. तिथं कोणाचं खातं नसतं, पासबुक नसतं. आपल्या कायद्यात त्याला मर्चंट बँकर म्हणतात आणि सेबीकडे नोंदणी केल्याशिवाय त्याला काम करता येत नाही. एका कंपनीला दुसरी कंपनी विकत घ्यायची असली तरी हेच लोक मध्ये असतात. त्याची ते फी घेतात."

"म्हणजे दलाल," आई म्हणाली.

"दलालही आणि हिशेबनीसही."

मग मी विचारले, "आणि तू त्यात काय करणार?" ती म्हणाली, "सगळ्यात खालची पायरी. अ‍ॅनालिस्ट. वर असोसिएट, मग व्हाइस प्रेसिडेंट, मग डायरेक्टर आणि मग मॅनेजिंग डायरेक्टर. वरचे लोक कंपन्यांच्या मालकांना भेटतात. खालचे लोक आकडे लावतात. कंपनीची मागची तीन वर्षं कशी गेली, पुढची पाच वर्षं कशी जातील, त्यावरून आज तिची किंमत काय. चारशे-पाचशे पानांचा मसुदा असतो. एका पानावर नफा ४२ कोटी लिहिलाय आणि दुसऱ्या पानावर ४१, असं चालत नाही. प्रत्येक आकडा कुठून आला ते दाखवावं लागतं."

हे मात्र मला लगेच कळले. आमच्याकडे वे-बिल असायचे. कुठल्या थांब्याला कुठल्या नंबरचे तिकीट होते ते त्यावर लिहायचे. रात्री बॅकबे डेपोत रोकड मोजताना तिकिटे, वे-बिल आणि बॅगेतली चिल्लर ही तिन्ही जुळली पाहिजेत. शॉर्ट आले तर खिशातून भरा. जास्त आले तर आणखी संशय. मी म्हटले, "म्हणजे पाचशे कोटींचं वे-बिल." ती खूप हसली. म्हणाली, "हो पप्पा, तसंच."

वडाच्या झाडाखालचा बाजार

शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून दादाभाई नौरोजी रस्त्याने चालू लागलो. रविवारी फोर्ट झोपलेला असतो. दुकानांची शटर खाली, फुटपाथ मोकळे, इमारतींच्या कमानी नीट दिसतात. वाटेत आनंद भवन आले. मुलगी तिथे थांबलीच. सिद्धार्थ वाणिज्य आणि अर्थशास्त्र महाविद्यालय याच इमारतीत. तिचे बी.कॉम. इथले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ साली काढली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि १९५३ साली हे वाणिज्य महाविद्यालय आले. सकाळी कॉलेज आणि मग नोकरी, अशी सोय बाबासाहेबांनी गरिबांच्या मुलांसाठी केली. माझ्या ओळखीतले किती तरी लोक असे शिकले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बाबासाहेबांनी हे वाणिज्य महाविद्यालय काढले ते मुंबईच्या पैशाच्या पेठेत, शेअर बाजारापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. ही जागा मला तरी फार बोलकी वाटते.

हुतात्मा चौकातून डावीकडे वळून आम्ही हॉर्निमन सर्कलला आलो. समोर टाउन हॉलच्या उंच पायऱ्या. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या टाउन हॉलसमोर वडाची झाडे होती आणि त्यांच्या सावलीत शेअरचे दलाल उभे राहून सौदे करीत. ऑफिस नाही, फळा नाही. तोंडाचा शब्द आणि एकमेकांची ओळख, एवढ्यावर बाजार चालायचा.

पुढे अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना इथला कापूस लागू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका निघू लागल्या, शेअरचे भाव आकाशाला भिडले. १८६५ साली युद्ध संपले आणि सगळे कोसळले. कित्येक घरे धुळीला मिळाली. त्या काळच्या बाजाराचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याच्या देणगीतून विद्यापीठातला राजाबाई टॉवर उभा राहिला, त्याला त्याच्या आईचे नाव आहे. दलालांनी १८७५ साली आपली संघटना बांधली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार.

सर्कलपासून थोडे पुढे दलाल स्ट्रीट. नाव मोठे, गल्ली अरुंद. वर मान केली की जिजीभॉय टॉवर्स. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटात पहिला स्फोट इथे झाला. तेव्हापासून पहारा कडक. १९९५ पर्यंत आतल्या मोठ्या सभागृहात दलाल हातवारे करून, ओरडून सौदे करीत. मग संगणक आले आणि आरडाओरडा थांबला. दुपारच्या वेळी या भागातून बस जाताना दोन-दोन पैशांसाठी भांडणारी माणसे मी पाहिली आहेत आणि १९९२ च्या घोटाळ्यानंतर चेहरा पांढरा पडलेली माणसेही पाहिली आहेत. त्याच वर्षी सेबीला कायद्याचे दात मिळाले.

एक बंद पडलेली पेढी

दलाल स्ट्रीटच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही पाणी प्यायलो. तिथे मी मुलीला जे सांगितले, त्यासाठीच मी तिला इकडे आणले होते.

१९१७ साल. बाबासाहेब कोलंबियाहून अर्थशास्त्राचे एम.ए. होऊन, डॉक्टरेटचा प्रबंध लिहून, लंडनला वर्षभर शिकून परत आले. बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे शिपाई लांबून फायली टाकीत, राहायला घर मिळेना, ते सगळे तुम्हाला ठाऊक आहे. बाबासाहेब मुंबईला परतले. घर चालवायचे होते. शिकवण्या केल्या. आणि शेअरचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली.

हो, शेअरचा सल्ला! आज माझी मुलगी ज्या धंद्यात पाऊल टाकते आहे, त्याच्या शेजारचाच तो धंदा. पेढी सुरुवातीला बरी चालली. सल्ला चांगला असणारच. त्या वेळी या शहरात अर्थशास्त्र इतके शिकलेली माणसे किती असतील? पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे, ही बातमी फुटली. गिऱ्हाईक येईनासे झाले. पेढी बंद करावी लागली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली, तर तिथेही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून कुरकुर केली.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, १९२३ साली डी.एस्सी. झाले. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. ज्या माणसाचा शेअरबद्दलचा सल्ला या पेठेने नाकारला, त्याला सरकारचा आयोग रुपयाबद्दल विचारत होता. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिची इमारत इथून हाकेच्या अंतरावर आहे.

मी मुलीला म्हटले, "बाबासाहेबांचं ज्ञान कमी पडलं नाही. पेढी ज्ञानानं बंद पडली नाही, ओळखीनं बंद पडली. कोण आहे ते कळलं म्हणून बंद पडली."

मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पप्पा, एक सांगू? रागावू नका."

सांगू लागली. या नोकरीच्या आधी एका दुसऱ्या ठिकाणी तिची मुलाखत झाली होती. हिशेबाचे प्रश्न संपल्यावर समोरच्या साहेबाने सहज विचारले, वडील काय करतात? ती म्हणाली, "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत." त्याला वाटले, ट्रकचा धंदा असेल. किती गाड्या आहेत, असे त्याने विचारले. तिची जीभ अडखळली. मग आडनाव कुठले, गाव कुठले, शाळा कुठली, सुट्टीत कुठे जाता, असे प्रश्न झाले. ती नोकरी मिळाली नाही. नोकरी का मिळाली नाही हे सांगता येत नाही, पण त्या दिवसापासून माझा फोन आला की ती नुसते "हं, बोला पप्पा" म्हणायची. मी "जय भीम" म्हणायचो आणि ती "हं" म्हणायची. मला वाटायचे पोरगी कामात आहे.

खोटे कशाला बोलू, मला लागले. ३४ वर्षांची खाकी डोळ्यांसमोर आली. पण हिची आई म्हणाली, "तिनं खोटं कुठं सांगितलं? बेस्ट ट्रान्सपोर्टच आहे." आणि आम्ही तिघे हसलो. हसता हसता मुलीचे डोळे भरले.

"या वेळी काय सांगितलंस?" मी विचारले.

"कंडक्टर होते म्हणून सांगितलं. वे-बिलाचं पण सांगितलं. तिनं ऐकलं आणि घसाऱ्याचा पुढचा प्रश्न विचारला. बस्स, एवढंच झालं."

शेअर बाजारातला कोटा

वातावरण हलके करायला मुलीने एक गंमत सांगितली. ती मात्र प्रत्येक घरात पोचली पाहिजे.

कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते, त्याला आयपीओ म्हणतात. तर या आयपीओत कोटा असतो! नफ्यात असलेल्या कंपनीच्या नेहमीच्या आयपीओत मोठमोठे फंड, विमा कंपन्या, बँका यांना जास्तीत जास्त ५० टक्के. दोन लाखांहून जास्त रकमेचा अर्ज करणाऱ्यांसाठी कमीत कमी १५ टक्के. आणि दोन लाखांपर्यंत अर्ज करणाऱ्या लहान माणसासाठी कमीत कमी ३५ टक्के राखीव. सेबीचा नियम आहे.

मी विचारले, "का ठेवलं?"

"नाही ठेवलं तर मोठे सगळं उचलून नेतील. लहान माणूस दारातच उभा राहील."

"मग त्या लहान माणसाला कोणी म्हणतं का, की तुझ्यात गुणवत्ता नाही?"

"नाही म्हणत. उलट जाहिरात करून बोलावतात."

बंधूंनो, ज्या इमारतींत आपल्या मुलांना "कोट्यातून आलास का" असे कुजबुजून विचारले जाते, त्याच इमारतींत दर आयपीओला कोट्याचा तक्ता मांडला जातो आणि त्याला न्याय्य वाटप म्हणतात. माझी मुलगी तर सी.ए. आहे, तिथे आरक्षणच नाही. खाजगी नोकरीतही नाही. पण उद्या कोणी आरक्षणाचा विषय काढला तर तिच्याजवळ ३५ टक्क्यांचे उत्तर आहे.

जमिनीखालून

हुतात्मा चौकात मेट्रो ३ चे स्टेशन आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही लाइन कफ परेडपर्यंत पुरी झाली. सरकत्या जिन्याने खाली उतरलो. हिला जिन्याची भीती, मुलीने हात धरला. गाडी थंडगार. या लाइनचा नकाशा पाहिला आणि मला वाटले, आपल्या तीन पिढ्यांची कहाणी कोणी तरी एका रेषेत आखली आहे.

वरळीच्या आसपास आलो तेव्हा मी वर बोट दाखवले. वर गिरणगाव. माझे आजोबा कोकणातून परळला आले आणि गिरणीत सूत कातायच्या खात्यात लागले. साचा खात्यात म्हणजे विणकामात पगार जास्त होता, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धागा तुटला की धोट्यातून तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा स्पृश्य कामगार कसा हाताळणार? आपला माणूस कुशल असो वा नसो, दाराबाहेरच. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला. कामगार एकजुटीच्या गोष्टी करता, मग साचा खाते आम्हाला बंद का, असा तो सवाल होता.

१८ जानेवारी १९८२ ला शेवटचा मोठा संप सुरू झाला आणि गिरणगाव संपले. आज त्याच जमिनींवर काचेचे मनोरे आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत पैशाच्याच कंपन्या आहेत. मी मुलीला म्हटले, "प्रत्येक काळात एक साचा खातं असतं. जिथं पगार जास्त असतो आणि दार आपल्यासाठी बंद असतं. तेव्हा कापडाचं होतं. आज तू चाललीस ते आजचं साचा खातं."

दादरला उतरून चैत्यभूमीला गेलो. ६ डिसेंबरची गर्दी नव्हती. समुद्राचा वारा होता. मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील घेतले आणि कट्ट्यावर बसून डबा खाल्ला. तिथे हिने विचारले, "पण हे काम सम्यक आजीविकेत बसतं का गं? नुसता पैशाचा खेळ तर नाही?"

प्रश्न बरोबर होता. मी विहारात ऐकलेले सांगितले. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, ते शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. भांडवल त्यात नाही. उलट सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात घालायला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. म्हणजे निम्मी मिळकत भांडवल म्हणून घालायची! आपण मात्र एक भाग खाण्यात आणि उरलेले लग्नात घालतो.

मुलगी म्हणाली, "आई, त्या मसुद्यात एक प्रकरण असतंच. जोखमीचं. कंपनीला स्वतःचे दोष स्वतः छापावे लागतात. कोर्टात किती केसेस आहेत, कर्ज किती आहे, एकाच गिऱ्हाइकावर धंदा अवलंबून आहे का. ते लपवलं तर गुन्हा. ते नीट लिहिलं की ही सम्यक वाचा झाली. दाबलं की झाली चोरी. आमच्या कामात दोन्ही करता येतं. कोणतं करायचं ते आपल्या हातात असतं."

बीकेसी

पुन्हा गाडीत बसलो. धारावी गेली, मिठी नदीच्या खालून गाडी पलीकडे गेली आणि बीकेसी आले. धारावी आणि बीकेसी यांच्यात एकच थांबा. तीन-चार मिनिटे. पण वर आल्यावर वाटते, दुसऱ्या देशात आलो.

पूर्वी इथे खाजण होते. एमएमआरडीएने भराव घालून संकुल उभे केले. राष्ट्रीय शेअर बाजार, सेबीची कचेरी, हिरे बाजार, देशी-विदेशी बँका, सगळे आता इथे आहे. फोर्टातला वडाचा पार जणू उचलून इथे आणला. रस्ते रुंद, माणूस नाही. रविवारी फक्त वॉचमन, माळी आणि सफाईच्या बाया. त्या बायांपैकी दोघींच्या गळ्यात निळ्या दोऱ्यात अशोकचक्र होते. हिने ओळखून हात जोडले. "जय भीम ताई." त्यांनीही "जय भीम" म्हटले. कोणाकडे आलात, असे विचारले. हिने मुलीकडे बोट दाखवले. "उद्यापासून इथं कामाला येणार." त्यातली वयस्कर बाई मुलीकडे पाहत म्हणाली, "कितव्या मजल्यावर?" "अकराव्या." "अकरावा आमच्याकडेच असतो," ती म्हणाली आणि झाडू घेऊन पुढे गेली.

आम्ही त्या काचेच्या इमारतीसमोर उभे राहिलो. काचेत आम्ही तिघे दिसत होतो.

मुलीने मग आम्हाला पुढच्या गोष्टींची कल्पना दिली. घरी यायला रात्रीचे बारा, एक, कधी दोन वाजतील. कंपनी गाडी देते. शनिवार-रविवारही कधी जाईल. पहिली दोन-तीन वर्षे अशीच. हिला काळजी रात्रीची, त्याहून जास्त वस्तीच्या तोंडाची. रात्री दोनला गाडीतून उतरणाऱ्या पोरीबद्दल लोक काय बोलतील? मी म्हटले, "लोकांना मी सांगीन. मी पहिली बस काढायला पहाटे तीनला निघायचो, तेव्हा कोणी काही बोललं नाही."

ज्यांच्या मुला-मुलींना यायचे आहे त्यांच्यासाठी

मुलीला मी विचारले, वस्तीतल्या पोरांना काय सांगू? तिने सांगितले ते थोडक्यात देतो.

एक वाट सी.ए.ची. फी इतर शिक्षणांपेक्षा कमी आणि शिकताना आर्टिकलशिपमध्ये थोडे विद्यावेतन मिळते. तिच्या वेळी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची आहे. परीक्षा कठीण. ती दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा पास झाली, हे लपवू नका असे तिने बजावले आहे.

दुसरी वाट एम.बी.ए.ची. चर्चगेटचे जमनालाल बजाज, पवईचे आयआयएम मुंबई, इतर आयआयएम. आयआयएममध्ये अनुसूचित जातीला १५ टक्के जागा आहेत. १९९० च्या कायदा दुरुस्तीनंतर केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू आहेत. तेव्हा जातीचा दाखला आणि पडताळणीचे कागद दहावी-बारावीलाच तयार ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. परदेशी शिकायचे तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. लंडनचा रस्ता बाबासाहेबांनी मळून ठेवला आहे.

तिसरी गोष्ट, एक्सेल आणि इंग्रजी. एक्सेल घरच्या जुन्या संगणकावरही शिकता येते. रोज एका कंपनीचा वार्षिक अहवाल वाचावा, कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ते फुकट असतात. सेबीच्या एनआयएसएम संस्थेची मर्चंट बँकिंगची परीक्षाही देता येते.

आणि एक इशारा. ही नोकरी म्हणजे शेअरच्या टिपा नव्हेत. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी महिन्यात दुप्पट करून देतो म्हणाला तर त्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारा. नंतर तो पुन्हा फोन करणार नाही.

शेवटची गोष्ट माझी. ज्ञानाचे दार परीक्षेने उघडते, पण आतल्या खोलीत अजून ओळख चालते. कोणी कोणाच्या भावाला सांगतो आणि इंटर्नशिप मिळते. वडाच्या झाडाखाली हेच चालायचे. आपल्या मुलांना अशी ओळख देणारा मामा-काका कुठे आहे? म्हणून मुलीने ठरवले आहे, महिन्यातून एका रविवारी आमच्या विहारात बसायचे. कॉमर्सच्या मुलांनी यावे, अर्ज तपासून घ्यावा, मुलाखतीची तयारी करावी. वडील काय करतात या प्रश्नाचीही. तुमच्या विहारात कोणी सी.ए., एम.बी.ए. असेल तर त्यालाही बसवा. वर्गणी नको, एक फळा आणि चार खुर्च्या पुरतात.

सोमवारी रात्री साडेअकराला मी फोन केला. मागे माणसांचे बोलणे, कीबोर्डचा आवाज.

"जय भीम," मी म्हटले.

क्षणभर ती थांबली. मग म्हणाली, "जय भीम, पप्पा. जेवले मी. आई झोपली का?"

आवाज हळू होता, पण शब्द पुरे होते.

जय भीम!